'डॉल्फिन'मधली पत्रं: लोवेल, हार्डविक आणि न विचारलेली परवानगी

1970 च्या वसंतात रॉबर्ट लोवेल ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजात फेलो म्हणून गेला तेव्हा तो 53 वर्षांचा होता आणि अमेरिकेतल्या इंग्रजी कवितेत त्याच्याएवढं मोठं नाव क्वचितच कुणाचं असेल. न्यूयॉर्कच्या घरी बायको एलिझाबेथ हार्डविक आणि 13 वर्षांची मुलगी हॅरिएट. त्या दोघीही मागाहून इंग्लंडला येणार असं ठरत होतं, मुलीच्या शाळेचं वगैरे बघणं चालू होतं. तेवढ्यात एका पार्टीत त्याची कॅरोलाइन ब्लॅकवुडशी गाठ पडली. ती लेखिका, अँग्लो-आयरिश बड्या घराण्यातली, चित्रकार लुसियन फ्रॉइडची पूर्वीची बायको. आणि मग पुढची कितीतरी वर्षं लोवेल परत घरी राहायला आलाच नाही. 1971 मध्ये त्याला कॅरोलाइनपासून मुलगा झाला, 1972 मध्ये हार्डविकशी घटस्फोट आणि लगेच कॅरोलाइनशी लग्न.

इथपर्यंत ही गोष्ट जगात रोज कुठे ना कुठे घडते तशीच आहे. प्रकरण सुरू होतं ते पुढे. या दोन-अडीच वर्षांत हार्डविक त्याला न्यूयॉर्कहून पत्रं लिहीत होती, फोन करत होती, तारा पाठवत होती, आणि लोवेल तिकडे बसून या सगळ्यावर कविता लिहीत होता. चौदा-चौदा ओळींच्या, यमक नसलेल्या कविता. त्यातल्या बऱ्याच कवितांमध्ये हार्डविकची पत्रंच होती. तिची वाक्यं, अवतरणचिन्हात, 'लिझी' या तिच्या घरगुती नावाने, आणि काही ठिकाणी बदललेली. 1973 मध्ये 'द डॉल्फिन' हा संग्रह आला, 1974 मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि पुस्तक छापून येईपर्यंत हार्डविकला त्यातलं एक पानही त्याने दाखवलं नव्हतं.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे हल्ली 'मनातलं खरं खरं लिहा', 'स्वतःला उघडं करा' हे सारखं ऐकू येतं, कवितेच्या कार्यशाळांत तर हमखास, आणि त्यात एक गोष्ट कायम गृहीत धरलेली असते की प्रामाणिकपणा म्हटला की तो चांगलाच असणार. पण कुणाबद्दलचा प्रामाणिकपणा, कुणाच्या जिवावर, हे कोणी विचारत नाही. लोवेलच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने त्याला तोंडावर विचारला, तोही पुस्तक छापायच्या आधी. म्हणून हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे.

आधी लोवेल कोण ते थोडं. 1959 ला त्याचं 'लाइफ स्टडीज' आलं तेव्हा एम. एल. रोझेन्थल या समीक्षकाने त्या कवितेला कबुलीजबाबाची कविता म्हटलं आणि पुढे 'कन्फेशनल पोएट्री' हा शिक्काच पडला. बोस्टनचं जुनं खानदानी घराणं, त्यातले नेव्हीतून बाहेर पडून हळूहळू अपयशी होत गेलेले वडील, स्वतःचे वेडाचे झटके, मनोरुग्णालयातली सकाळ, हे सगळं त्याने सरळ नावानिशी लिहिलं. त्याला मॅनिक डिप्रेशन होतं, आज ज्याला बायपोलर म्हणतात ते. कितीतरी वेळा हॉस्पिटलमध्ये भरती. 1967 नंतर लिथियम हे औषध सुरू झालं आणि बराच फरक पडला. त्याआधीची सगळी वर्षं हे सांभाळलं कोणी, तर हार्डविकने. 1949 ला लग्न झालं तेव्हापासून. झटका आला की हा माणूस एखाद्या बाईच्या प्रेमात पडायचा, सगळ्यांना सांगत सुटायचा की आता मी नवीन आयुष्य सुरू करणार, मग भरती, मग औषधं, मग पश्चात्ताप आणि घरी परत. ती दर वेळी डॉक्टरांशी बोलायची, बिलं भरायची, त्याला घरी आणायची.

आणि हार्डविक म्हणजे नुसती 'कवीची बायको' असं कोणी समजू नये. ती स्वतः पहिल्या दर्जाची निबंधकार. 1959 मध्ये तिने पुस्तक-परीक्षणं किती मिळमिळीत झालीत यावर असा सणसणीत लेख लिहिला की त्याची चर्चा आजही होते, आणि 1963 ला 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स' सुरू झालं त्याच्या संस्थापकांत ती होती. म्हणजे जिची पत्रं उचलली गेली ती बाई शब्दांवर पोट भरणारी होती, एकेक वाक्य तोलून लिहिणारी. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

तिची पत्रं आज आपल्याला वाचता येतात. त्यात काय आहे? एकाच पानावर इन्कम टॅक्सचं प्रकरण, मुलीची शाळा, मेनमधल्या कॅस्टीन गावातल्या घराचं काय करायचं, लोवेलचे कागद हार्वर्डच्या लायब्ररीला विकायचेत त्याचं काय झालं, आणि त्याच पानावर तुला हे करवलं कसं असा आक्रोश. राग आहे, टोमणे आहेत, मग दोन ओळींनी लगेच माया. घर मोडत असताना माणूस जसं लिहील तसंच. कुठेही वाचकासाठी म्हणून लिहिलेलं नाही, कारण वाचक एकच होता आणि त्याला सगळा संदर्भ ठाऊक होता. पत्राची जवळीक असते ती यातच. लिहिणारा हातचं राखत नाही, कारण समोरचा आपलाच माणूस आहे, हे तो धरून चालतो.

आता 'डॉल्फिन'मधली एक कविता सांगतो, तिचं नाव 'रेकॉर्ड्स'. बोलणारी लिझी आहे. रविवारी मी रेकॉर्ड लावत बसले होते, सगळ्या नीट लावून ठेवत होते, त्यात तुझ्या आवाजाच्या काही सापडल्या, हॅरिएटला म्हणणार होते ऐकतेस का, आणि लगेच आम्ही दोघींनीही नको म्हणून मान हलवली, मेलेल्या प्रिय माणसाचा आवाज ऐकण्यासारखं झालं असतं ते. साधारण असं. पुढे ती म्हणते की आज सकाळी तुझं पत्र आलं, काळीज हजारदा फाटेल असं वाटलं, पण आधीच्या त्या अलिप्त, खोट्या पत्रांपेक्षा हेच मी हजारदा वाचेन. आई आणि मुलगी, हातात ती रेकॉर्ड, आणि दोघींची एकदम हललेली मान. एवढंच. पण वाचताना घशात आवंढा येतो. अख्ख्या संग्रहात इतकं जिवंत असं फार थोडं आहे.

आणि नेमकी इथेच माझी पंचाईत होते. कारण 'डॉल्फिन'मधल्या सगळ्यात ताकदीच्या ओळी लिझीच्या तोंडच्या आहेत. लोवेल स्वतःच्या तोंडाने बोलतो तेव्हा तो पुष्कळदा गोल गोल फिरतो, मासे, जाळी, समुद्र, मी दोघींमध्ये अडकलोय, माझं काय होणार. लिझी बोलते तेव्हा पुस्तकात हवा येते. तिचा आवाज काढून टाकला तर पुस्तकात एका प्रेमात पडलेल्या प्रौढ माणसाची घालमेल उरेल, त्यापलीकडे फार काही नाही. म्हणजे कलेच्या बाजूने बघितलं तर ती पत्रं तिथे हवीच होती आणि हे लोवेललाही पक्कं कळत होतं. तो मूर्ख नव्हता. म्हणूनच त्याला ती सोडवेनात.

1972 च्या सुरुवातीला हस्तलिखित तयार झालं आणि ते बोस्टनकडे राहणाऱ्या कवयित्री एलिझाबेथ बिशपकडे गेलं. (नावं सारखी आहेत, म्हणून इथून पुढे एक फक्त हार्डविक आणि दुसरी फक्त बिशप.) बिशप आणि लोवेलची मैत्री 1947 पासूनची, तीस वर्षं पत्रव्यवहार, एकमेकांना कविता अर्पण केलेल्या. तिच्याइतकं त्याच्या कवितेवर प्रेम करणारं आणि तिच्याइतकं त्याला खरं सांगू शकणारं दुसरं कोणी नव्हतं. 21 मार्च 1972 ला तिने त्याला जे पत्र लिहिलं ते माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात मोलाचं लिखाण आहे, आणि ते एका खाजगी पत्रात आहे हा योगायोग नाही.

तिने आधी सांगितलं की कविता उत्तम आहेत. मग म्हणाली की आपलं आयुष्य माणूस कच्चा माल म्हणून वापरतोच, वापरावंच लागतं, पण ही पत्रं वापरून तू विश्वासघात करत नाहीयेस का? तुला परवानगी मिळाली असती तर, तू ती बदलली नसतीस तर, असे 'तर' तिने एकामागून एक मांडले. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, की कला काही एवढ्या मोलाची नसते. त्याच पत्रात तिने इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीचा आधार घेतला. हार्डीची तक्रार होती की परवानगी नसताना खरं आणि कल्पित अशा प्रमाणात मिसळायचं की कोणतं किती हे कुणाला कळूच नये, हे निषेध करण्यासारखं आहे. आणि कुणाची दुःखाने तळमळून लिहिलेली पत्रं अशी वापरणं हे क्रूर आहे, असं तिने सरळ लिहिलं.

हे पत्र बहुतेक ठिकाणी 'खाजगी गोष्टी छापू नयेत' या अर्थाने सांगितलं जातं. पण नीट वाचलं तर बिशपचा खरा आक्षेप जास्त बारीक आहे. घरचं चव्हाट्यावर आणलंस एवढंच तिचं म्हणणं नाही. तू तिची वाक्यं बदललीस आणि तरी ती तिचीच म्हणून अवतरणात ठेवलीस, हे तिला जास्त खुपतंय. म्हणजे वाचक समजणार की लिझी असं म्हणाली. ती तसं म्हणालीच नसेल तर? एका जिवंत बाईच्या तोंडी, तिच्या नावाने, तिने न लिहिलेलं वाक्य घातलं आणि वर त्याला कबुलीजबाबाची कविता म्हणायचं, मग त्यात कबुली नेमकी कुणाची? स्वतःच्या वेडाबद्दल, स्वतःच्या बापाबद्दल लोवेल लिहितो तेव्हा चूक झाली तरी त्याची किंमत तोच मोजतो. इथे किंमत दुसरी कोणी मोजणार होती.

बिशपला हे कळायला अजून एक कारण होतं. लोवेलने तिच्याही गोष्टी आधी उचलल्या होत्या. तिच्या बालपणावरच्या एका गद्य कथेची त्याने कविता केली होती, आणि पुढे तिच्या एका अतिशय दुःखी पत्राचं त्याने चौदा ओळीत रूपांतर केलं होतं. ते पत्र तिने ब्राझीलहून फार वाईट काळात लिहिलेलं होतं. 1967 ला तिची जोडीदार लोता हिने गोळ्या जास्त घेऊन जीव दिला, त्यानंतरचा तो काळ. बिशपने आपल्या दुःखांवर उघडपणे जवळजवळ लिहिलंच नाही. तिची 1976 ची 'वन आर्ट' घ्या. हरवणं ही कला शिकता येते असं म्हणत किल्ल्यांपासून घरांपर्यंत, शहरांपर्यंत यादी वाढत जाते आणि शेवटच्या कडव्यात एक 'तू' येते आणि तिथे कविता स्वतःलाच बजावते की लिही हे. नाव नाही, पत्र नाही, कुणाचं वाक्य नाही. सोळा-सतरा खर्डे करून ती तिथे पोचली होती. मला ती कविता 'डॉल्फिन'पेक्षा कमी प्रामाणिक अजिबात वाटत नाही, उलट जास्त वाटते, कारण तिथे सोलून काढलेली कातडी तिची स्वतःची आहे.

लोवेलने बिशपचं ऐकलं का? अर्धवट. त्याने पुस्तक वर्षभर थांबवलं आणि त्यावर काम केलं. लिझीच्या काही सरळ अवतरणांचं त्याने अप्रत्यक्ष बोलणं केलं, काही ओळी मऊ केल्या, काही कविता इकडच्या तिकडे हलवल्या. घटनांचा क्रमसुद्धा बदलला. तो डिसेंबर 1970 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आला होता, मुलगा झाला त्याच्या बऱ्याच आधी, पण छापील पुस्तकात मुलाचा जन्म आधी येतो आणि न्यूयॉर्कची वारी शेवटी. गोष्ट म्हणून ते जास्त बांधेसूद झालं. पण गंमत बघा, बिशपची तक्रार होती खरं-खोटं मिसळल्याची, आणि तिच्या सूचनेवर काम करताना त्याने ते अजूनच मिसळलं. मूळ प्रश्न होता तिला विचारलंस का, आणि तेवढं एक सोडून त्याने सगळं केलं.

का विचारलं नसेल? मला वाटतं उत्तर सरळ आहे. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, किंवा त्याहून अवघड म्हणजे ती लेखिका होती, तिने ओळी दुरुस्त करून पाठवल्या असत्या. आणि मग ती त्याच्या पुस्तकातलं पात्र राहिली नसती. जवळचा माणूस आणि पात्र यांत फरक आहे तो हाच, की जवळचा माणूस उलटून बोलतो.

पुस्तक आलं आणि व्हायचं ते झालं. परीक्षणांनी लिझी हे जणू खरंखुरं माणूस समोर बसलंय असं धरून तिच्यावर मतं दिली, बायको कशी होती, मुलगी कशी आहे. मुलगी तेव्हा 16 वर्षांची. हार्डविकच्या हे फार जिव्हारी लागलं आणि तिने प्रकाशकांकडे लेखी हरकत घेतली. एड्रियन रिच ही कवयित्री दोघांचीही मैत्रीण होती, तिने जाहीरपणे लिहिलं की कवितेच्या इतिहासातल्या सगळ्यात सूडबुद्धीच्या आणि कोत्या मनाच्या कृत्यांपैकी हे एक आहे. मी रिचचं म्हणणं पूर्ण मान्य करत नाही. सूड मला त्या पुस्तकात दिसत नाही. लोवेलला लिझीवर सूड उगवायचा नव्हता, त्याचं तिच्यावर प्रेम होतं आणि ते ओळीओळीत दिसतं. पण प्रेम असूनही माणूस असं करू शकतो, हे सूडापेक्षा जास्त अवघड आहे गिळायला.

संग्रहाच्या शेवटच्या कवितेत त्याने स्वतःच मान्य केलंय की दुसऱ्यांना इजा करणं मी टाळलं नाही, स्वतःलाही नाही, हे पुस्तक अर्धं कल्पित आहे, आणि माझ्या हाताने काय केलं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ही ओळ फार गाजली, लोक ती प्रामाणिकपणाचा कळस म्हणून सांगतात. माझं मत वेगळं आहे. ओळ सुंदर आहेच, पण कबुली द्यायची आणि त्याच कबुलीने काम पुढे रेटायचं, यात माफी मागितली जाते ती वाचकाची. जिची मागायला हवी होती तिला हे पुस्तक दुकानात आल्यावर कळलं. पुढे काही वर्षांनी त्याने हार्डविकला पत्रातून कळवलं की 'डॉल्फिन'मधल्या पत्रांचा मला खेद वाटतो. ते साधं वाक्य मला त्या गाजलेल्या ओळीपेक्षा मोठं वाटतं, कारण ते योग्य पत्त्यावर गेलं.

आणि ती? तिने काय केलं हे बघा, कारण माझ्या मते या प्रकरणाचा खरा अभ्यास तिच्याकडे आहे. 1979 मध्ये तिची 'स्लीपलेस नाइट्स' ही कादंबरी आली. निवेदिकेचं नाव एलिझाबेथ. केंटकीतलं बालपण तिचं, न्यूयॉर्कच्या हॉटेलातले दिवस तिचे, घरकाम करणाऱ्या बायका, बिली हॉलिडेचं गाणं ऐकलेल्या रात्री, सगळं तिच्या आयुष्यातलं. म्हणजे तिनेही आयुष्य कच्चा माल म्हणून वापरलंच, खरं आणि कल्पित मिसळलंच. फक्त नवरा त्यात जवळजवळ नाहीच. एकदोन ठिकाणी सावली सरकून जावी एवढाच. साऱ्या जगाला ऐकायचं होतं की ती लोवेलबद्दल काय म्हणते, पुस्तक हातोहात खपलं असतं, आणि तिने तो विषय बाजूला ठेवून आपलं पुस्तक लिहिलं. याला कोणी पोटात एक ओठात एक म्हणेल. मी नाही म्हणणार. काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही हे ती स्वतः ठरवत होती, एवढाच हक्क तिच्याकडून काढून घेतला गेला होता आणि तिने तो परत घेतला.

यात अजून एक धागा आहे, तो सुटायला नको. दोघं पुन्हा जवळ आली. कॅरोलाइनबरोबरचा संसार विस्कटत गेला आणि 1977 चा उन्हाळा लोवेलने कॅस्टीनला हार्डविकबरोबर काढला. 12 सप्टेंबरला तो आयर्लंडमध्ये कॅरोलाइनला भेटून न्यूयॉर्कला उतरला आणि टॅक्सीने हार्डविकच्या घराकडे निघाला, 67 व्या रस्त्यावरच्या त्यांच्या जुन्या घराकडे. दारापाशी टॅक्सी थांबली तेव्हा तो उठेना. इमारतीतल्या माणसाने हार्डविकला खाली बोलावलं, ती त्याच टॅक्सीत बसून त्याला हॉस्पिटलला घेऊन गेली. तो आधीच गेला होता. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं एक चित्र घट्ट धरलेलं होतं, लुसियन फ्रॉइडने काढलेलं कॅरोलाइनचं. हे सगळं इतकं कादंबरीसारखं आहे की यावर कोणी लिहिलं तर संपादक म्हणेल जरा जास्तच होतंय. पण तिने त्याला परत घरात घेतलं होतं याचा अर्थ पुस्तक माफ केलं असा लावायची घाई करू नये. माणसाला घरात घेणं आणि त्याने केलेलं योग्य म्हणणं या वेगळ्या गोष्टी आहेत, ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

राहिली पत्रं. हार्डविकने ती परत मागितली होती, मिळाली नाहीत. ती नष्ट झाली असंच ती समजून चालली. प्रत्यक्षात लोवेल गेल्यावर कॅरोलाइनने ती फ्रँक बिडार्ट या कवीकडे दिली होती. लोवेलच्या हस्तलिखितांवर त्याच्याबरोबर बसून काम करणारा तो हाच. बिडार्टने ती 1988 ला हार्वर्डच्या हाउटन लायब्ररीत ठेवली. हार्डविक 2007 ला गेली, 91 वर्षांची होऊन, तोवर तिला पत्ताच नाही. म्हणजे तिचे स्वतःचे शब्द तिने पाठवले त्याच्या हातात, तिथून त्याच्या दुसऱ्या बायकोच्या, तिथून मित्राच्या, तिथून लायब्ररीच्या, आणि या सगळ्यात तिला कोणी एकदाही काही विचारलं नाही. बिडार्टची अडचण मी समजू शकतो, त्याच्यावर विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू होती. तरी वीस-पंचवीस वर्षं एक म्हातारी बाई माझी पत्रं नष्ट झाली असं समजत राहते आणि आपल्याला माहीत असतं की नाही झाली, हे कसं पेललं असेल त्याने.

2019 मध्ये सास्किया हॅमिल्टनने ती पत्रं संपादित करून काढली, लोवेलची उत्तरं आणि मित्रमंडळींची पत्रंही त्यात आहेत, आणि सोबत 'डॉल्फिन'च्या दोन्ही आवृत्त्या, 1972 ची आणि 1973 ची, एका वेगळ्या पुस्तकात. आता कुठे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं की तिने काय लिहिलं होतं आणि त्याने काय केलं. कुणी नव्याने वाचणार असेल तर माझं सांगणं आहे की आधी पत्रं वाचा आणि मग कविता. बहुतेक जण उलट वाचतात, कारण कवितांना पुलित्झर आहे. पण पत्रं आधी वाचली की पहिल्या पन्नास पानांतच कळतं की ही बाई पात्र म्हणून मावणारी नव्हतीच. ती जास्त हुशार आहे, जास्त चिडलेली आहे, पैशांबद्दल जास्त नेमकी आहे, आणि मुलीचा विषय निघाला की तिची वाक्यं आखूड होतात. कवितेतली लिझी रडते छान. पत्रातली हार्डविक रडून झाल्यावर त्याच पानावर टॅक्सची तारीख कळवते.